मानशीचं दार

बावीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले:
‘चंद्र व सूर्य यांच्या आकर्षणामुळे
समुद्राच्या पाण्याची पातळी ठरावीक वेळी
वाढते व कमी होते, यास भरती-ओहोटी म्हणतात.’
खाली दोन रेघा. पाच गुण.
मुलं डुलत म्हणायची, मी पट्टीने ठेका धरायचे,
एखाद्याचा ‘व’ सुटला
तरी मला कळायचं.

कळायचं तेवढंच.

यंदा नवी पद्धत. पर्वरीला पाच दिवस प्रशिक्षण,
रंगीत कार्डं, गोलात मांडलेल्या खुर्च्या,
आणि माझ्या थोरल्याच्या वयाचा एक पोरगा,
म्हणाला, ‘बाई, आता तुम्ही कमी बोला.’
जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्याच्यावर पोटभर हसलो.

सोमवारी चोडणच्या शाळेत बाकं हलवली.
त्यांना सवय नव्हती, एकाचा पाय निखळला.
गोल कसला, पपईसारखं काहीतरी झालं.
‘भरती कुणी पाहिलीय?’ एवढंच विचारलं
आणि गप्प बसले.
फार अवघड असतं ते. हातातल्या खडूचे तीन तुकडे झाले.

शर्वाणी उठली, हात मागे, डोळे मिटून,
‘चंद्र व सूर्य यांच्या...’
पुरे गं, म्हटलं. तिचा ओठ थरथरला.
तिचा काय दोष? ते डोळे मीच मिटवले होते.

मग शेवटच्या बाकावरून
(शेवटचं असं आता कुठलं राहिलं नव्हतं)
तुळशीदास पागी. ज्याला तोंडीला मी
तीन वर्षं भोपळा दिला.
‘बाई, मानशीचं दार दाखवूं?’

त्याच्या बापाने मानस लिलावात घेतलेली.
मी रोज त्याच बांधावरून येते, साडी उचलून,
चिखल बघत. दार कधी बघितलं नाही.

त्याने आपल्या दोन कोऱ्या वह्या उभ्या केल्या,
कडेला कड लावून.
‘न्हंय फुगली की पाणी भायल्यान रेटतं.
जितकं रेटतं तितकं दार घट्ट बसतं, खारं शेतात येत नाही.
ओहोटी लागली की आतलं पाणी ढकलतं
आणि ते आपसूक उघडतं.
बाबा फक्त जाळं बांधतो.’

मग काय, सगळीच बोलू लागली.
अष्टमीला भांग, पुनवेला उधाण,
कोणाच्या मामाच्या कोरगुटात खारं शिरलं ते साल,
आणि मागून कुणीतरी, ‘दिवसाढवळ्या भरती येते
तेव्हा चंद्र कुठे असतो?’

मला ठाऊक नाही, मी म्हटलं.

बावीस वर्षांत पहिल्यांदा.
भिंतीवरची पाल जरा पुढे सरकली, बाकी काही झालं नाही.

संध्याकाळी बांधावर शर्वाणी मागोमाग आली.
‘बाई, परीक्षेत हे किती ओळींत लिहायचं?’
रायबंदरची बोट निघून गेली.
आम्ही दोघी मानशीपाशी उभ्या,
दार मिटलेलं, फळ्यांच्या फटीतून
आतलं पाणी किंचित हलत होतं.
थांब, मी तिला म्हटलं,
अजून ओहोटी लागायची आहे.