मागची सीट

पहाटे साडेचारला संगमवाडीच्या शेडमधून
सात नावा टेम्पोवर चढवल्या,
सायकलच्या जुन्या ट्यूबांनी आवळल्या.
भोंडवे सर म्हणाले, शेपटांना लाल चिंध्या बांधा,
नाहीतर वडगावच्या पुलाखाली मामा धरतील.
कुणाची टोपी कानांवर, कुणाचे मोजे हातांत,
आम्ही नावांखाली दाटीनं बसलो,
वर सात मोठ्या माशांची पोटं.

खडकवासल्याला पोचलो तर धरण दिसेचना.
पाण्यावरून वाफ निघत होती, तापत्या दुधासारखी,
आणि वर कुठंतरी, कशालाच न टेकलेला,
सिंहगडाच्या मनोऱ्याचा लाल दिवा.
आमची नदी अशी नसते.
आमच्या नदीत वल्ह्याला जलपर्णी येते,
कधी निर्माल्याची पिशवी, एकदा तर हेल्मेट.
इथं वल्हं बुडवलं आणि नुसतं पाणी वर आलं.
नसीम त्याच्याकडे बघत राहिली,
वाण्यानं सुटे पैसे जास्त परत द्यावेत तशी.

दुहेरी नाव. पुढे नसीम आत्तार, वय चोवीस.
मागे मी, फडतरे, सत्तावन्न, डावा गुडघा कुरकुरता.
सव्वीस किलोमीटर, चार फेऱ्या.
प्रत्येक फेरीत एकदा काठाला लागायचं,
नाव खांद्यावर घ्यायची,
चिखलातून दोनशे पावलं पळायचं, पुन्हा पाण्यात.
नियमांच्या कागदावर ह्याला काहीतरी छान नाव होतं.
भोंडवे सर म्हणत, तिरडी.

मागच्या माणसाला पुढचं काही दिसत नाही.
वळण नाही, बोया नाही, किती उरलं तेही नाही.
दिसते एक पाठ.
तीन तास मी एका जाकिटाची उसवलेली शिवण वाचली,
डाव्या खांद्याखाली, सात टाके सुटलेले.
वळण यायच्या आधी ती शिवण जराशी उघडते.
मी तिच्यावरूनच जगाचा अंदाज घेतला.

पुढच्या माणसालाही मागचं काही दिसत नाही.
म्हणून मागच्याला लबाडी करता येते.

तिसऱ्या तिरडीत चिखलानं माझा बूट ठेवून घेतला.
एक पाय उघडा, बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी.
मी वल्हं उचललं, बुडवलं, उचललं,
ठेका चुकू दिला नाही,
फक्त पाणी ओढलं नाही.
डोक्यावरून चक्रवाक गेले, ओरडत, तिरक्या रांगेत.
तेही असेच उडतात,
मागच्याला सोपं जावं म्हणून,
असं मी स्वतःला सांगून टाकलं.

नाव थोडी जड झाली. एवढंच.
तिचे खांदे किंचित खाली गेले, परत वर आले.
वळून बघितलं नाही तिनं.
वळून बघितलं तर नाव उलटते.

चौथ्या फेरीत मी ओढलं, व्याजासकट.
शेवटून दुसरे आलो.
आमच्या मागची जोडी वल्हवत नव्हतीच,
पहिल्या फेरीपासून भांडत होती,
आणि त्यांचं भांडण धुक्यातून
आमच्याआधी काठाला लागलं होतं.

ऊन आलं. भजी आली.
नसीमनं चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला,
प्यायली नाही, नुसता धरला.
"काका, त्या वठलेल्या झाडापासून
दुसऱ्या बोयापर्यंत तुम्ही नव्हता.
बासष्ट वल्ही. मोजली मी."

मी भज्याचं तेल कागदानं टिपत राहिलो.
खूप वेळ. एकच भजं.

"पुढच्या वेळी सांगा," ती म्हणाली,
"थांबू, नाहीतर मी ओढीन.
माहीत असलं की हलकं जातं."
आणि मिरची माझ्याकडे सरकवली.

परत येताना टेम्पोत सगळे झोपले.
लाल चिंध्या फडफडत होत्या.
माझा अनवाणी पाय नसीमच्या पिशवीवर,
तिनंच ठेवायला सांगितलेला.
बूट अजून तिथंच आहे, पाण्याच्या काठाशी.
मे महिन्यात धरण उतरलं की
कुणा गुराख्याला सापडेल,
डाव्या पायाचा, नऊ नंबर,
आत गाळ भरलेला,
आणि तो इकडेतिकडे बघेल
दुसरा कुठं आहे म्हणून.