छर्रा

फॉर्मवर एक रकाना होता: विशेष गरजा.
मी विचारलं, कुणाच्या?
डॉक्टर नीलांबरी हसल्या नाहीत.
माझ्या हातातलं पेन घेऊन त्यांनीच लिहिलं:
मागचे दोन्ही पाय निकामी, टेंबलाईच्या चढावर टेम्पोखाली.
लघवी आपोआप होत नाही,
दिवसातून चार वेळा पोट दाबून काढावी लागते.
मग त्यांनी माझा डावा हात पाहिला.
करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट
मी एकोणनव्वद सालीच पॉवर प्रेसला देऊन बसलोय.
"जमेल?"
आठ आहेत की अजून, मी म्हटलं.

तोवर ते पिंजऱ्यातून सरपटत आलं होतं,
चार किलोचं, गुळाच्या रव्याच्या रंगाचं,
आणि माझ्या चपलेचा अंगठा तोंडात धरून
उलट्या दिशेला निघालंही होतं,
मागे स्वतःचेच पाय
ओल्या धोतराच्या सोग्यासारखे ओढत.

नाव छर्रा. बेअरिंगमधला.
पकडायला गेलं की निसटतो
आणि हातातून पडला की शेडभर शोधावा लागतो.

दाबायचं शिकायला नऊ दिवस गेले.
बरगडी संपते तिथून खाली,
लिंबाएवढं काहीतरी हाताला लागतं,
सटकतं, परत शोधायचं.
जोर नको.
चाळीस वर्षं लोखंडाला जोर लावलेला हात,
त्याला कसं सांगायचं जोर नको?
लेथवर शेवटचं अर्धं सूत काढताना धरायचो
तसा श्वास धरला.
पहिली धार उडाली माझ्या नव्या सदऱ्यावर.
मालन दारातून ओरडली, "आलं?"
पोरगं दहावी पास झालं तेव्हाच्या आवाजात.

पहिला गाडा चुकला.
सवयीनं लोखंडाचा केला, सहा सुती पाइप,
उसाच्या ट्रॉलीला शोभेल असा.
छर्रा त्यात उभा राहिला, मान वळवून बघितलं,
आणि जागच्या जागी कलंडला.
उद्यमनगरातली अख्खी शेड हसली.
तोही हसला. शपथेवर सांगतो, तोही.

दुसरा अॅल्युमिनियमचा,
चाकं भंगारात मिळालेल्या स्केटिंगच्या बुटांची.
पट्टा सुभाषनगरात हौसाबाई व्हटकरांनी शिवला,
मऊ चामड्याचा, आतून फडकं लावून.
पैसे घेतले नाहीत.
म्हणाल्या, "चालत्यात दोनच,
मग माणसातच धरायचं त्याला."

आता संध्याकाळी पाचला
गल्लीत पोरांचा फुटबॉल सुरू झाला
की हा नाकानं दार ठोकतो.
काल विश्वतेजची किक
छर्ऱ्याच्या चाकाला लागून आत गेली.
भांडण पेटलं.
चाक म्हणजे पाय का हात?
पोरं गळपट्टी धरायला आली,
शेवटी इर्शादच्या आजोबांना खुर्चीसकट बाहेर आणलं;
एके काळी पेठेच्या टीममध्ये सेंटर हाफ खेळलेला माणूस.
ते बराच वेळ गाड्याकडे बघत राहिले.
"पायाच्या जागी हाय न्हवं? मग पायच.
गोल!"
ज्याच्यासाठी एवढा निवाडा झाला
तो गोलकीपरचा एक बूट घेऊन
केव्हाच कोपऱ्यावरून वळला होता,
खर्र, खर्र, खर्र.

रात्री गाडा भिंतीला टेकवतो.
मग तो पुन्हा सरपटतो.
त्याला त्याचं काही वाटत नाही.
मला वाटतं; म्हणून तेवढा वेळ मी
चाकांना तेल देत बसतो, नसलं लागत तरी.

नंतर मोरीच्या कट्ट्यावर, तो मांडीवर,
आणि मी ते लिंबू शोधतो.
दोन बोटं जिथे नाहीत
तिथे त्याचं पोट जरा जास्तच गरम लागतं.
हे मी डॉक्टरांना सांगितलेलं नाही.
मालन आतून विचारते, आलं?
थांब, म्हणतो.
तोंडात त्याच्या अजून नाडी आहे बुटाची.