आडकाठी

वसईहून परतताना वारा दिवसभर पाठीशी होता.
पाठीशी असलेला वारा अंगाला लागत नाही.
होडी आणि तो एकाच वाटेने निघालेले,
मग वाटतं, किती शांत आहे आज.

शीड डावीकडे पुरतं सोडलेलं,
त्याच्या पायाशी बूम,
साडेतीन मीटर ॲल्युमिनियम, पाण्यावर आडवी.
सुधन्वाने वरळीपाशी विचारलं होतं,
दोर बांधायचा का तिला?
मी म्हटलं, आता काय,
तासाभराचं तर राहिलंय.

प्रॉन्ग्सचा खडक चुकवला
आणि बंदरात शिरायला मी सुकाणू वळवलं.
थोडंच.
सुधन्वा थर्मास घ्यायला उठला होता.
शिडाचा मागचा काठ एकदा थरथरला,
सूचना म्हणावी तर तेवढीच.
मग ती आली.

मी ओरडले. तो म्हणतो, नाही ओरडलीस.
तो वाकला, कारण थर्मासचं झाकण
हातातून निसटून घरंगळलं होतं.
केसांवरून गेली ती,
उजवीकडच्या तारेवर आदळली
आणि जिथे तिला खाली ओढून धरलेलं असतं
तिथेच मोडली,
उसाचं कांडं मोडावं तशी.

झाकण समुद्रात गेलं.

शीड उतरवलं. वल्हं एका बाजूला,
आकडीची काठी दुसऱ्या बाजूला,
मोडलेल्याच्या वर गाठ, खाली गाठ,
मोडलेल्यावर नाही,
शाळेत हात बांधायला शिकवला होता तसं.
मग इंजिन.
ससून डॉकचा वास येईपर्यंत कुणी बोललं नाही.
सुधन्वा चहा तसाच तोंड लावून प्यायला,
मग माझ्याकडे दिला.

माझगावच्या शेडमध्ये अब्बास फणसोपकर
चष्मा कपाळावर चढवतो,
मोडलेल्या काठात बोट घालतो,
बोटावर पांढरी भुकटी.
मीठ? मी विचारते.
मीठ कुठलं, ताई. तिचंच अंग आहे हे.
स्क्रू पोलादाचे, काठी ॲल्युमिनियमची,
मधे कुणी काही लावलंच नाही.
खारं पाणी लागलं की एक दुसऱ्याला खातो.
वरून रंग बघा, कसा नवा.

कोण कुणाला खातो?

नरम असतो तो जातो,
म्हणाला, आणि हात पुसायला चिंधी शोधू लागला.

दारूखान्यातून त्याने नळी आणली,
कुठल्यातरी जहाजाच्या कठड्याची असावी,
कुणीतरी तिला धरून कुठला तरी किनारा पाहिला असेल.
घासून घासून आत बसवली,
मोडाच्या अलीकडे हातभर, पलीकडे हातभर.
भोकं मागेपुढे पाडली.
एका रेषेत पाडतात ती कागद फाडायला, म्हणाला.
प्रत्येक स्क्रूखाली वंगण,
दोघांनी एकमेकांना शिवू नये एवढं.

आणि दोर टोकाला बांधायचा. मधे नाही.
मधे बांधलात तर दोरच मोडेल तिला.
टोकापासून पुढे नाळेला,
तिथून मागे सुकाणूपाशी, तुमच्या हाताशी,
सोडायची वेळ आली तर धावायला नको.

काय म्हणतात ह्या दोराला?
इंग्रजी नाव सांगून तो हसला.
माझा बा म्हणाला असता,
आडकाठीला आडकाठी.

आता वारा मागून आला की मी आधी दोर ओढते,
खांदेरीला जायचं असो की नुसतं मांडव्याला,
तासाभराचं राहिलेलं असलं तरी.
मी बांधते की नाही हे सुधन्वा बघत नाही.
त्या दिवसाबद्दल त्याने कधी काही म्हटलं नाही,
मीही नाही.
फक्त उठताना तो एक हात डोक्यावर धरतो,
होडीत,
आणि परवा घरी, माहीमला,
खिडकीचं दार वाऱ्याने आपटलं तेव्हाही.

नवा थर्मास घ्यायचा राहूनच गेलाय.
जुन्याच्या तोंडावर वाटी उपडी घालतो आम्ही.
फार वेळ गरम राहत नाही.