येण्याआधी तुम्हाला कळवायचं ते

प्रिय हेल्वीबाई,
बोट साडेआठची घ्या, दहाची नको.
दहाच्या बोटीत लाकडांचे ट्रक असतात,
ते उतरेपर्यंत माणसाचा जीव जातो.
धक्क्यावर आमचा आर्वो उभा असेल, शाळेचा शिपाई.
हिरवी गाडी, मागचं एक दार दोरीनं बांधलेलं.
तो बोलणार नाही. रागावलाय असं समजू नका,
या बेटावर गप्प बसणं हाही पाहुणचारच.

गेल्या खेपेला एक लेखक आले होते.
फलक रंगवला, माइक मागवला, केक केला,
सगळं केलं, फक्त पुस्तक कुणी वाचलं नाही.
पाऊण तास मुलं रांगेत बसली
वाळत टांगलेल्या माशांसारखी.
मग सातवीतल्या एकानं विचारलं,
तुम्हाला पैसे किती मिळतात?
ते हसले. आम्ही टाळ्या वाजवल्या.
बोटीत चढेपर्यंत ते हसू त्यांनी तसंच धरून ठेवलं होतं,
दुसऱ्याचं ओझं धरावं तसं.
मला ते अजून टोचतं.

म्हणून यंदा म्हटलं, आधी वाचू.
हिशेब मांडला. तुमचं मानधन, बोटीचं भाडं,
एक रात्र लेम्बीच्या घरी मुक्काम.
उरलं ते एका प्रतीपुरतं.
मुलं एकतीस.

आता पुढचं जरा बसून वाचा.
रविवारी स्वयंपाकघरात, दार लावून,
मासे साफ करायच्या सुरीनं
मी तुमच्या पुस्तकाचा कणा कापला.
पानाचा कोपरा दुमडला म्हणून
तीस वर्षं मुलांवर ओरडत आलेली मी.
गोंद सुटताना बर्फावर पाय पडावा तसा आवाज झाला.
मग एकेकाच्या हातात सात-सात पानं ठेवली.

त्यानंतर शाळेत काय झालं ते योजनेत नव्हतं.
तुमचा तो विहीर खणणारा माणूस
कुणाच्या पानांत तरुण, कुणाच्या पानांत म्हातारा.
उकू म्हणतो त्याला भाऊ आहे, मार्ये म्हणते होता.
जेवणाच्या रांगेत, कपड्यांच्या खुंट्यांपाशी,
संडासाच्या दाराआडूनसुद्धा
ती एकमेकांना विचारत सुटली,
तुझ्यात दोर तुटतो का? माझ्यात तो गाठ मारलेला आहे.
पहिलीतली सॅडे, जिला अजून अक्षरं लागत नाहीत,
तिची पानं तिनं भावाकडून पाठ करून घेतली,
आणि कुणी काही चुकीचं सांगितलं
की ती कमरेवर हात ठेवून उभी राहते.

शेवटची सात पानं रासमुसकडे होती.
त्याच्या बापाला वाटलं, सुटे कागद.
शनिवारी त्यानं त्यांच्यावर सौनाची भट्टी पेटवली.
सोमवारी आला, टोपी हातात,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला धुरावलेला मासा घेऊन.
म्हणाला, छान पेटली हो.
मग त्याचं त्यालाच लाजल्यासारखं झालं.

दुसरी प्रत मागवता आली असती.
मुख्याध्यापिका खिशातून द्यायलाही तयार होत्या.
मीच नको म्हटलं.
कारण तोवर मुलांकडे अकरा शेवट झाले होते.
एकात विहिरीला समुद्र लागतो.
एकात तो खणत खणत
शेजाऱ्याच्या तळघरात निघतो आणि कॉफी मागतो.
रासमुसच्या शेवटात पाणी लागतच नाही,
पण तो माणूस खाली बसून राहतो, कारण तिथं वारा नसतो.
हे तो भिंतीकडे बघत सांगतो.

तर विनंती एवढीच.
तुमच्या पिशवीत एक प्रत असेल, ती पिशवीतच असू द्या.
आधी त्यांचं ऐका. वेळ लागेल, सॅडे अडवेल.
माइक मागवलेला नाही.
पैशांचा प्रश्न कुणीतरी विचारेलच, तोही खरा प्रश्न आहे,
खरं उत्तर द्या.
आणि शेवट सांगायचा असेल तर कॉफीनंतर सांगा,
मी भांडी विसळायला गेलेली नसेन तेव्हा.
मीसुद्धा तिथवर पोचले नव्हते.

ता. क.
शाळेत बूट काढून ठेवावे लागतात, फरशी फार गार असते.
लेम्बी तुमच्यासाठी मोजे विणते आहे, एक झालाय,
टाचेपाशी येऊन अडली आहे.
पायाचं माप तेवढं कळवा.