आठ सूत

लेकीनं ह्यूस्टनहून फोटो पाठवला, पाटीचा.
"बाबा, तुमच्या लाइनीतलं."
ओवीच्या नाचाच्या क्लासचं दार, काचेवर लिहिलेलं:
बंदूक घेऊन आत येऊ नये.
खरं तर दोन पाट्या.
लपवलेल्या बंदुकीला एक,
कमरेला दिसणारीला दुसरी.
इंग्रजीत, आणि खाली पुन्हा स्पॅनिशमध्ये.

मी आधी अक्षर बघितलं. सवय.
गिचमीड, शब्दाशब्दांत श्वास नाही.
जावई म्हणाले, लिहायचं कसं तेही कायद्यात आहे.
अक्षर इंचभर उंच हवं, रंग उठून दिसणारा,
नाहीतर पाटीला पाटी धरत नाहीत.

म्हणजे सातच सूत भरलं तर
माणूस बंदुकीसकट आत?

फोनमध्ये कुणी बोललं नाही.
मग लेक म्हणाली, कोर्टात तसं म्हणता येतं.

चव्वेचाळीस वर्षं नाना पेठेत ब्रश चालवला.
कोपऱ्यात बारीक सही, अंबादास पेंटर.
'भिंतीला सायकल टेकवू नये' लिहिलं,
रंग वाळायच्या आत सायकल टेकली,
हँडलला पिवळा ऑइलपेंट,
घरमालक आणि सायकलवाला, दोघांच्या शिव्या मलाच.
'येथे थुंकू नये' मधला थुं
दर दिवाळीला पुसून नव्यानं काढला.
कुणी मेलं नाही त्यात.
पाटी न पाळणाऱ्यांवरच माझी चूल पेटली.

तिथं मात्र ओवी,
सात वर्षांची, पायात चाळ,
आणि रस्ता,
मध्ये एक इंच.

रात्री पत्र्याचा तुकडा घेतला, पांढरा हात मारला.
दोरीला निळी पूड लावून रेघ झटकली,
आठ सूत मोजून खाली दुसरी,
आणि बंदूक लिहायला बसलो.
बँकेसाठी लिहिलं, तालमीसाठी लिहिलं,
वैकुंठातल्या लाकडाच्या वखारीसाठीसुद्धा.
हा शब्द कधी कुणी लिहून मागितला नव्हता.

दूचा ऊकार रेघेच्या खाली उतरतो.
तो इंचात धरायचा का?
विचारायला फोन उचलला.
तिकडे शनिवारची सकाळ, क्लासची वेळ.
ठेवून दिला.

पत्रा अजून गॅलरीत उभा आहे, बं पर्यंत लिहिलेला.
अनुस्वार जरा मोठाच पडलाय.