सांध्यातला कापूस

अमळनेरच्या बंद जिनिंगचं छत उतरवताना
भिकन दोधू मिस्तरींनी हात वर केला
आणि खालची सगळी माणसं थांबली.

तुळई सरळ नव्हती.
छताला वाकडी तुळई कोण घालतं?
कोपरात दुमडलेल्या हातासारखी ती,
अंगभर भोकं, अंगठा जाईल एवढी,
भोकांत लाकडाच्याच खुंट्या
आणि दोन ठिकाणी तांब्याचा हिरवा डाग.

मला बोलावलं मोजमापं काढायला.
मी शाळेत चित्रकला शिकवतो;
जहाज काढायचं तर खाली निळ्या लाटा, वर त्रिकोणी शीड,
एवढंच पोरांना सांगत आलो.

मुंबईच्या संग्रहालयातल्या बाई फोनवर म्हणाल्या, फोटो पाठवा.
पाठवले. बराच वेळ त्या बोलल्याच नाहीत.
मग म्हणाल्या, हा वांक आहे. जहाजाची बरगडी.
आणि फळीतली ती चौकोनी खिडकी
तोफेची.

त्या खिडकीत पारव्याचं घरटं होतं. दोन अंडी.

कुठलं जहाज, कोणाचं, कोणावर आग ओकलं,
काही कळलं नाही. जिनिंगच्या जुन्या वहीत एवढंच:
‘गोदीतील मोडीचे सागवान, वाघिणी दोन.’
साल होतं तो कोपरा वाळवीने आधीच वाचून टाकलेला.

मिस्तरी बहात्तर वर्षांचे. सुरतेला गेले होते एकदा,
पोराच्या ऑपरेशनसाठी,
पण स्टेशन ते दवाखाना, दवाखाना ते स्टेशन.
त्यांनी पटाशी लावून एक सांधा उघडला,
आतलं काळं, राळेत थिजलेलं काहीतरी ओढून काढलं,
चिमटीत पिंजलं, नाकाशी नेलं.
“कापूस शे.”

फळ्यांमधून पाणी शिरू नये म्हणून
तेला-राळेत भिजवून ठासायचे म्हणे.
एवढा समुद्र,
आणि त्याला अडवायला पऱ्हाटीचं बोंड.

लाकूड अक्राणीचं, मिस्तरींनी ठरवूनच टाकलं.
मी म्हटलं, मलबारचंही असेल.
त्यांनी खुंटीला जीभ लावली.
“या लाकूडनी दर्या देखेल शे. मी नही.”
मीठ लागलं का, ते काही सांगेनात.

बाईंनी बजावलं, नेईपर्यंत वांक उन्हात नको,
भोवती भिजलेली गोणपाटं टांगा, हवा ओलसर राहू दे.
मे महिना. नळ चौथ्या दिवशी.
गोजरबाईंनी दोन हंडे दिले, तिसऱ्याला कडाडल्या,
“लाकूडले पानी, मानूसले टँकर!”
आणि पुढच्या नळाचा पहिला हंडा
स्वतःच गोणपाटावर रिता केला.
तरी रात्री आवाज यायचा. कड्.
मिस्तरी खाटेवरून उठून बसायचे.

बाराव्या दिवशी टेम्पो आला.
बाई नाही, पावतीपुस्तक घेऊन एक पोरगा.
अनुदानात एकच नग बसत होता.
वांक गेला. बाकीच्या तुळया
भुसावळच्या वखारवाल्याने घनफुटावर उचलल्या;
कुठल्या कुठल्या कॉलनीत त्यांच्या चौकटी झाल्या असतील,
भोकं लांबीने बुजवलेली, वरून चॉकलेटी रंग.

खिडकीची फळी मिस्तरींनी दिली नाही.
पिल्लं उडू दे, म्हणाले.
पिल्लं उडून दोन पावसाळे झाले.

परवा गेलो तर ती फळी
दुकानाच्या मागच्या भिंतीत बसवलेली.
चौकोनातून बोरीचं कोरडं पात्र दिसतं,
वाळूत उभं एक ट्रॅक्टर, बाभळी.
मिस्तरी तिथेच चहा पितात.
मधेच बशी खाली ठेवतात,
एक डोळा मिटतात
आणि पलीकडे नेम धरून बघत राहतात.