एल्बोतलं पाणी

उगावला काल पहाटे पारा चारवर होता,
आज आणखी उतरेल म्हणतात.
सुकदेवने बागेत ओळीओळीच्या तोंडाशी
काटक्या रचून ठेवल्यात,
मध्यरात्री पेटवायच्या,
मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून.

मी मात्र ट्रेलरच्या पोटाखाली उताणा,
पाठीखाली गोणपाट, दातांत टॉर्च,
हातात बाराचा पाना.

ट्रेलर तो केवढा!
अंबडच्या शेडमध्ये इक्बालभाईने
आमच्या जुन्या बोलेरोमागे शोभेल एवढाच बांधला.
दोन माणसं, एक शेगडी, पस्तीस लिटरची टाकी
आणि कुमुदच्या हट्टापायी एक बेसिन.
"तीस वर्षं प्रेसच्या क्वार्टरमध्ये
पाण्याची वेळ सांभाळली.
आता जिथे थांबू तिथे नळ हवा, गरम नि गार."

मागच्या थंडीत मीच चुकलो.
टाकी रिकामी केली, पंप पुसला,
आणि शहाण्यासारखे नळ घट्ट बंद केले.
एका एल्बोत राहिलं थोडं,
बशीत ओतलं तर बशी भरणार नाही एवढं.
ज्या रात्री गवतावर पांढरा थर धरला
त्या रात्री तेही धरलं.
थंडीत सगळं अंग चोरतं,
माणसं, कुत्री, लोखंडसुद्धा.
पाणी तेवढं फुगतं.

केसाएवढी चीर.
कळली कधी, तर मार्चमध्ये, रतनवाडीला,
गादी खालून ओली लागून
कुमुद अंधारात उठून बसली तेव्हा.
चिडली नाही. "कुठूनतरी गळतंय," म्हणाली,
आणि उरलेली रात्र गाडीच्या पुढच्या सीटवर काढली,
दुखरा गुडघा डॅशबोर्डला टेकवून.

यंदा आधी खालचा व्हॉल्व्ह.
पाणी आलं बोटभर धारेने,
ऑक्टोबरात भंडारदऱ्याला भरलेलं,
आता जरा शेवाळी वासाचं.
डबा धरला. ओतून द्यायला हात होईना.
"दाजी, वेलाला घाला की," सुकदेव म्हणाला,
"वेल काय विचारणार आहे कुठलं ते?"

मग दोन्ही नळ सताड. फिल्टर काढला.
शौकत पंक्चरवाल्याचा पायपंप आणला,
तोंडाला चिंधी गुंडाळून पाइपात बसवला
आणि हाणले साठ-सत्तर दणके.
पाइप खाकरला, थुंकला, पुन्हा खाकरला.
झालं असं वाटून मी पाय उचलला,
तर आणखी एक गुळणी आलीच.

राहिली बेसिनखालची वाकडी नळी.
तिच्यातलं पाणी निघत नाही,
नळीचा आकारच पाणी धरून बसण्याचा.
सुकदेवने घरातून बिनलेबलाची बाटली आणली,
आपल्याच द्राक्षांची.
"मला डॉक्टरने बंद केलीय. नळीला चालेल.
आपली थंडी हिला काही करत नाही."
दोन ग्लास बेसिनला पाजले.
बेसिनने ढेकर दिला.

काल नाशिकला डॉक्टरने
कुमुदच्या गुडघ्यातलं पाणी काढलं.
सिरिंजमध्ये पिवळसर, चाळीस मिली.
"पुन्हा भरेल," म्हणाला, "तारीख घेऊन टाका."
एकवीस जानेवारी मिळाली.
रिक्षात तिने बिल उलटं केलं
आणि पेन मागितलं:
टाके, वॉकर, काठी, जिना...
बोटांवर आठवडे मोजत शेवटी लिहिलं
तोरणमाळ, आणि पुढे प्रश्नचिन्ह,
मग ते खोडलं. प्रश्नचिन्हच खोडलं.

मी हात पुसत होतो तेव्हा तिचा फोन.
जेवलात का नाही, थंडी किती नाही.
"नळ उघडे ठेवलेत ना?
बंद केले की आत कुठेतरी राहतं."
ठेवलेत, म्हणालो.

बागेत पहिली काटकी पेटली होती,
धूर जमिनीलगत सरकत होता.
टॉर्च घेऊन परत गेलो, चाचपून पाहिलं.
गरमचा अर्धाच उघडा होता.